कुत्रं गेलं, गोचिड्या घरातच आहेत

आज सकाळी साडेसहाला दूध आणायला बाहेर पडले, तर शेजारच्या गेटला शेरूची साखळी नुसतीच लोंबत होती. पाण्याचं जर्मनचं पातेलं पालथं पडलेलं. वहिनींना विचारलं तर आधी काही बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "हे रात्री त्याला पोत्यात घालून गगनबावडा रोडला सोडून आले."

सहा वर्षं सांभाळलेला कुत्रा. पोत्यात घालून. कारण काय, तर परवा बाळाच्या कानामागं गोचीड सापडली.

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दुधाची किटली हातात धरून तशीच उभी राहिले. आता दुपारचे तीन वाजलेत, बाहेर ऊन रखरखतंय आणि डोक्यातला राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल. तरी वाचा, कारण कोल्हापुरात मे महिन्यात हेच घरोघरी चाललेलं असतं.

गोचीड कुत्र्यावर राहत नाही हो. कुत्र्यावर ती जेवायला येते. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगली की गळून खाली पडते. मग भिंतीची फट, फरशीचा सांधा, दाराच्या चौकटीमागची पोकळी शोधते आणि तिथं अंडी घालते. पाच-पन्नास नव्हेत, हजारांनी. त्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात, मोहरीपेक्षाही लहान. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, परत खाली उतरतात, कात टाकून आठ पायांची होतात. परत वर, परत खाली. पुरती मोठी होईस्तोवर दोनदा आणि मोठी झाल्यावर आणखी एकदा. तिच्या आयुष्यातले थोडेच दिवस कुत्र्याच्या अंगावर जातात. बाकी सगळा मुक्काम तुमच्या-माझ्या घरात.

हे मला कुणी शिकवलं नाही. आमचा कुत्रा बंड्या गेला तेव्हा कळलं.

तीन वर्षांपूर्वीचा मे. बंड्यानं सकाळची दूध-भाकरी तशीच ठेवली. मी म्हटलं, उन्हाळा आहे, कुत्री उन्हाळ्यात कमीच खातात. दुसऱ्या दिवशी ताक घातलं, ते हुंगून बाजूला गेला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीमागं सावलीत पडून राहिला, हाक मारली तर नुसतं शेपटीचं टोक हलवायचा. चौथ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा कुठं आम्ही रिक्षात घातला. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरडी दाखवली. पांढरी फटक. म्हणाले, गोचीडताप आहे, प्लेटलेट पार खाली गेल्यात, दोन दिवस आधी यायला हवं होतं.

ते दोन दिवस मी ताक पाजण्यात घालवले होते.

बंड्याला त्यांच्याकडंच सलाईनवर ठेवला. तिसऱ्या रात्री घरी लाईट गेली. सासूबाई बॅटरी घेऊन मेणबत्ती शोधत होत्या आणि त्यांनी मला हाक मारली. हॉलच्या भिंतीवर, कालनिर्णयच्या मागून, गोचिड्यांची रांग वर चालली होती. वर, छताच्या कोपऱ्यापर्यंत. कॅलेंडर काढलं तर खिळ्याच्या भोकातसुद्धा. तीन दिवस कुत्रं घरात नव्हतं. तरी भिंत चालत होती.

वहिनींना मी आज हेच सांगितलं. शेरू गेला, पण त्याच्या गोचिड्या तुमच्या जिन्याखाली आहेत. त्यांना आता भूक लागणार. कुत्रं मिळालं नाही की त्या माणसाला चिकटतात. म्हणजे बाळाला वाचवायला म्हणून तुम्ही बाळाच्या आणि गोचिडीच्या मधला कुत्राच काढून टाकलात. त्या गप्प बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण शेरूला रोज भाकरी त्याच घालायच्या आणि निर्णय काही त्यांचा नव्हता.

घरात रांगतं बाळ असलं की जीव घाबरणारच. कबूल. मीसुद्धा आई आहे. पण घाबरल्यावर घरात काय केलं बघा. बाळाच्या कानामागच्या गोचिडीला उदबत्तीचा चटका दिला! तेवढ्याशा पोराच्या कानाला! चटका दिला, रॉकेल लावलं, मीठ चोळलं की गोचीड बिथरते आणि पोटातलं सगळं जखमेत ओकते. रोग असेल तर तो असा आत जातो. बारीक चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी लागून तिचं तोंड धरायचं, पिळवटायचं नाही, झटका द्यायचा नाही, सरळ वर ओढायचं. जागा साबणानं धुवायची. पुढच्या दिवसांत ताप किंवा पुरळ आलं तर दवाखान्यात जाऊन गोचीड चावली होती हे आवर्जून सांगायचं. काढलेली गोचीड नखानं चिरडायची नाही, मोरीत सोडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. बस. यात उदबत्ती कुठंच येत नाही.

आणि ही सगळी घबराट सुरू झाली कुत्र्याच्या गोचिडीनं माकडताप होतो या व्हॉट्सॲपवरच्या मेसेजनं. माकडताप खरा आहे, मी नाही म्हणत नाही. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला, २०१६ साली आपल्या घाटाखाली दोडामार्गात माणसं त्यानं दगावली. पण ती गोचीड वेगळी, रानातली. माकडांवरून, उंदरांवरून येते. लाकूडफाटा, पालापाचोळा आणायला आणि काजूच्या बागेत जाणाऱ्यांना तिची भीती. चंदगडकडून तिलारीच्या रानात जाणाऱ्यांनी पूर्ण अंग झाकून जावं, आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत. पण कळंब्याच्या कॉलनीत जिन्याखाली झोपणाऱ्या शेरूचा आणि माकडतापाचा काय संबंध? मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा!

बंड्याकडं परत येते. तो दवाखान्यातच पाचव्या दिवशी गेला. ज्या गोणपाटावर झोपायचा ते मी परड्यात नेऊन झटकलं तर खालून या एवढ्या गोचिड्या सांडल्या. त्या गोणपाटावर मी रोज सकाळी झाडू फिरवत होते. उचलून कधीच बघितलं नव्हतं. आणि सांगते, बंड्या मे मध्ये गेला, आमच्या घरातल्या गोचिड्या पार जुलैपर्यंत निघत होत्या. भरपूर पाऊस पडून रंकाळा भरत आला तरी देव्हाऱ्यामागून एक निघाली.

मग आम्ही घर धरलं. भिंतींच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. परड्यातल्या विटांचा ढीग, नारळाच्या झावळ्या, शेणीचं जुनं रचलेलं, सगळं हलवलं आणि त्या जागेला ऊन दाखवलं. गोचिडीला सावली आणि ओल लागते, कोरडं तापलेलं अंगण तिला सोसत नाही. गवत बुडापर्यंत कापलं. कुंपणापाशी हातभर रुंद खडीचा पट्टा टाकला. फवारणी डॉक्टरांना विचारून, पोरांना माहेरी पाठवून केली, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत केली, कारण अंड्यांवर औषध चालत नाही आणि एकदा मारून गप्प बसलं की दुसरी पिढी तयार. वैताग आहे. मी खोटं सांगणार नाही, पाठ मोडून जाते. पण पोत्यात कुत्रं भरण्यापेक्षा हे बरं की नाही?

अजून एक राग आहे, तो पण ओकून टाकते. उसावर मारायचं औषध बादलीत कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आपल्याकडं आहेत. दुकानदारच देतो, "अहो घाला की, काय होत नाही." कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, पाय ताठ होतात, आणि मग म्हणायचं विषबाधा झाली. गोठ्यात म्हशीला लावायचं औषध कुत्र्याला अंदाजानं लावायचं, कुत्र्याचं मांजराला. पर्मेथ्रिन नावाचं औषध कुत्र्याला चालतं, मांजर त्यानं मरतं. हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. मानेवर सोडायचे थेंब मिळतात, महिना-दोन महिने चालणाऱ्या गोळ्या मिळतात, जनावराच्या वजनाप्रमाणं. महाग आहेत, तेही कबूल. पण सलाईन त्याहून महाग पडतं, आणि आमचं सलाईन तर वायाच गेलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला म्हशींचा गोठा आहे. तिथले काका रोज धार काढायच्या आधी म्हशीच्या कासेत, कानात, शेपटीखाली हात फिरवतात. दोन मिनिटं. दिवाळीच्या आधी गोठ्याला चुना मारतात तसा उन्हाळ्याच्या तोंडावर पण मारतात, फटी आधी जाळून घेतात. ते कधी म्हणाले नाहीत की म्हैस विकून टाकतो, गोचीड झाली. जनावर दारात बांधलं की त्याच्या अंगावरून हात फिरवायचा असतो, एवढं त्यांना कुणी सांगावं लागत नाही. शेरूच्या अंगावरून शेवटचा हात कधी फिरला होता, असं मी वहिनींच्या मालकांना विचारणार होते. ते दारात उभे होते. नाही विचारलं. त्यांचा चेहरापण उतरलेला होता, रात्री झोपले नसावेत. तरी मी त्यांना सोडणार नाही. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे, हे त्यांना संध्याकाळी शांतपणे सांगणार आहे.

माझा हात आज सारखा बंड्याच्या कानांच्या आठवणीवर जातोय. तो गेल्यावर डॉक्टरांनी मला दाखवलं होतं, कानाच्या आतल्या घडीत, पायाच्या बोटांच्या मध्ये, तिथं बघत जा. मी रोज त्याचं डोकं खाजवायचे. कानाची घडी कधी उलगडली नव्हती.

दुपारी बारा वाजता ह्यांच्या गाडीवर मागं बसून मी बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन. वहिनीच्या मालकांनी जागा सांगितली, तिथून दोन्हीकडं उसाच्या बांधांवर हाका मारल्या. नाही दिसला. एका टपरीवाल्यानं सांगितलं, पहाटे एक तपकिरी कुत्रं पुलाकडून शहराकडं तोंड करून चाललं होतं.

बालिंगा, कोपार्डे, कळे, फुलेवाडी, त्या बाजूचं कुणी वाचत असेल तर लक्ष ठेवा. तपकिरी, पुढचे दोन्ही पाय पांढरे, डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. शेरू म्हटलं की थांबतो. चावत नाही. त्याच्या अंगावर गोचिड्या असतील, त्याला घाबरू नका, सावलीला पाणी ठेवा आणि मला इथं कमेंटमध्ये सांगा. मी कितीही वाजता येईन. वहिनी पण येणार म्हणाल्यात.