नदीतलं तेल आणि घरचं पातेलं

अभिनंदन. तुमच्या अखत्यारीतल्या नदीत तेल सांडलं आहे. आता फोन वाजत राहणार, आणि कुणीतरी हमखास विचारणार, 'साहेब, आपली योजना काय?' घाबरू नका. योजना नसली तरी चालतं, हे ९ डिसेंबर २०१४ रोजी बांगलादेशातल्या शेला नदीवर सिद्ध झालेलं आहे.

पहाटेचं दाट धुकं. नांगर टाकून उभा असलेला 'सदर्न स्टार सेव्हन' हा टँकर, त्याला येऊन धडकलेलं मालवाहू जहाज, आणि पाण्यात उतरलेलं सुमारे साडेतीन लाख लिटर फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्यांत जाळायचं जाड, काळं तेल. जागा सुंदरबन, त्यातही डॉल्फिनसाठी २०१२ मध्ये अभयारण्य जाहीर झालेला पट्टा. (टँकर अभयारण्यातून का जात होता, असं कुणी विचारलंच तर गाळाकडे बोट दाखवा. मोंगला-घासियाखालीचा नेहमीचा जलमार्ग गाळानं बुजला म्हणून जहाजं जंगलातून जायला लागली. वनखात्यानं हरकत घेतली होती. हरकतीची फाईल जपून ठेवा, उघडू नका.)

पहिले काही तास महत्त्वाचे, असं तज्ज्ञ सांगतात. तवंग पसरायच्या आत त्याच्याभोवती तरंगता बांध घालायचा, ज्याला बूम म्हणतात, आणि आतलं तेल ओढून घ्यायचं. छान कल्पना आहे. फक्त त्यासाठी बूम आधीपासून गोदामात असावा लागतो. डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी माणसंही लागतात, आणि तुमच्याकडचं सगळं तेल तर नदीतच गेलंय.

मग लोकांना दिसेल असं काहीतरी मागवा. तिकडे चितगावहून 'कांडारी-१०' नावाची बोट तेल विखुरणारं रसायन घेऊन आली. ती आल्यावर चर्चा सुरू झाली, की हे रसायन खारफुटीत फवारावं का? न फवारणंच शहाणपणाचं होतं म्हणा, पण तुम्ही त्यातला क्रम लक्षात घ्या: आधी बोट, मग विचार. शेला ही भरती-ओहोटीची नदी. तुमची चर्चा चालू असताना दिवसातून दोनदा पाणी जंगलात शिरतं आणि झाडांच्या बुंध्यांवर काळी रेघ ओढून परत जातं. झाडांना ही रेघ पुसता येत नाही, आणि चिखलातून वर आलेली श्वासमुळं तेलानं बुजली तर नाक कुठे वळवायचं तेही कळत नाही.

आता खरी युक्ती. सफाई करू नका, खरेदी करा. 'सफाई' म्हटलं की हातमोजे आले, मास्क आले, गमबूट आले, डॉक्टर आला. 'खरेदी'ला माप पुरतं. सरकारी तेल कंपनीनं लिटरला ३० टका (टका म्हणजे तिथलं चलन) भाव जाहीर केला आणि काठची गावं पाण्यात उतरली. पातेली, चमचे, स्पंज, मासे धरायची जाळी. काहीच नसेल त्याचे हात. पोरंसुद्धा आली, कोपरापर्यंत काळी झालेली. तेल सांडलं म्हणून मासेमारी थांबलेली, आणि आता ज्यानं मासे घालवले तेच गोळा करून विकायचं. याला तुमच्या अहवालात 'स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग' म्हणा. डोकं दुखतं, मळमळतं, श्वास लागतो अशा तक्रारी येतील. भावात आरोग्य धरलेलं नव्हतं, हे सौम्य शब्दांत कळवा.

हिशेबही जमेचा आहे. साधारण ६८ हजार लिटर तेल असं हातापातेल्यांनी गोळा झालं, म्हणजे पाचातला एक हिस्सा. उरलेले चार कुठे गेले, हे विचारणाऱ्याला नदीचा पत्ता द्या.

नुकसान मोजायची घाई नको, मात्र ते फारसं झालेलं नाही हे लगेच सांगून टाका. तिथल्या नौकानयनमंत्र्यांनी तज्ज्ञांच्या हवाल्यानं तसं सांगितलंच होतं. पुढे संयुक्त राष्ट्रांचं पथक आलं. त्या दिवसांतली भरती-ओहोटी अशी होती, की तेल जंगलात फार आत शिरलं नाही, असं त्यांचं निरीक्षण. तेव्हा पुढच्या आपत्कालीन आराखड्यात चंद्राला नोडल अधिकारी नेमायला हरकत नाही. तो पगार मागत नाही, आणि ज्या रात्री धुकं असेल त्या रात्री त्याला कुणी जाबही विचारत नाही.

काही दिवस जहाजांना बंदी घाला, मग उठवा. आणि जमलं तर पुढचा माल बदला. १९ मार्च २०१६ रोजी याच शेला नदीत १,२३५ टन कोळसा घेऊन निघालेलं जहाज बुडालं. कोळसा तेलापेक्षा कितीतरी सोयीचा. तो तरंगत नाही, तवंग येत नाही, फोटोत दिसत नाही, आणि पातेलं घेऊन कुणी तुमच्या दारात भाव विचारायला येत नाही.