‘खाली उडालं की धोका कमी’? काका, हिशेब उलटा आहे

काकांनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तळ्याच्या पाण्याला जवळजवळ चाटत जाणारं चिमुकलं विमान, आणि खाली मजकूर : खाजगी लहान विमान जितकं खाली उडेल तितकं सुरक्षित; इंजिन बंद पडलं तर समोरच्या शेतात उतरायचं, पडलंच तर मार कमी, वाटेतलं सगळं दिसतं, शिवाय आता अख्ख्या विमानाला पॅराशूट असतंच. हाच मजकूर मला आणखी तीन ग्रुपांवरून आला.

शेतापासूनच सुरुवात करते. अमेरिकेत सेसना १७२ हे लहान विमान उडवायला शिकताना माझे इन्स्ट्रक्टर बोलता बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढायचे आणि विचारायचे, इंजिन गेलं, आता? ३००० फुटांवर याला उत्तर असतं. वेग ६८ नॉटवर (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) आणायचा, वारा कुठून आहे ते बघायचं, शेत हेरायचं, इंधन, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) तपासायचे, रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक द्यायची. इंजिनाविना सेसना एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. म्हणजे हाताशी चारेक मिनिटं आणि आठेक किलोमीटर. ५०० फुटांवर? पाऊण मिनिटही नाही, आणि दीड किलोमीटरच्या आतलं जे असेल ते शेत. त्यातले पहिले काही सेकंद ‘हे खरंच झालं?’ यातच जातात. माझे तरी गेले, आणि ते तर लुटुपुटीचं होतं.

मार कमी लागतो, हे जिन्यावरून घसरण्याला लागू. हवेचा विरोध सोडला तर १०० मीटरवरून सुटलेली वस्तू ताशी १६० किलोमीटरने आदळते, आणि विमान तर मुळातच वेगात असतं.

बेसबॉलचा नामांकित पिचर (चेंडू फेकणारा) रॉय हॅलडे ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आपलं आयकॉन ए५ हे लहान विमान उडवत होता. नोंदींनुसार एका क्षणी ते पाण्यापासून फक्त ११ फुटांवर होतं, घरांपासून ७५ फुटांवरून गेलं, मग साडेतीनशे फुटांच्या आसपास चढलं, वळलं आणि नाक खाली करून कोसळलं. पाणी जेमतेम साडेचार फूट खोल. हॅलडे वाचला नाही. या विमानाची ख्याती काय, तर ते सहजासहजी स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत कोसळण्यात, जात नाही, आणि पॅराशूटही आहे! पण पॅराशूट उघडायलाही उंची लागते. सिरस कंपनीच्या आधीच्या लहान विमानांत सरळ उड्डाणातही सुमारे ४०० फूट खर्ची पडतात. गिरक्या घेत असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त.

वळणाचं गणित तर आणखी निर्दय. उंची न सोडता ६० अंश कलून वळलात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जो वेग सरळ जाताना पुरतो तोच अपुरा पडतो. सेसना एकदा स्पिनमध्ये गेली तर एक गिरकी आणि सावरणं यात हजारेक फूट जातात. ५०० फुटांवर ते आणायचे कुठून?

यावर कुणीतरी म्हणेलच, हॅलडेच्या रक्तात अ‍ॅम्फेटामीन होतं, उंचीचा काय दोष? होतं, आणि अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ते कारणात धरलंही. पण त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच मॉडेलचं विमान कॅलिफोर्नियातल्या बेरीएसा तलावाजवळ कोसळलं. उडवत होता कंपनीचाच कसलेला टेस्ट पायलट. तो कमी उंचीवरून उडत चुकीच्या दरीत शिरला. पुढे चढत गेलेली डोंगराची भिंत, वर चढायला ताकद अपुरी, वळायला जागा नाही. दोघे गेले.

राहिलं ‘सगळं दिसतं’. वीजवाहक तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. वैमानिक खांब शोधतात आणि मध्ये तार असणारच असं धरून चालतात. अमेरिकेत २०११च्या सुमारास २०० फुटांखालच्या मनोऱ्यांना दिवा वा रंग लावणं साधारणपणे सक्तीचं नव्हतं, म्हणून वारा मोजायचे बारीक मनोरे मुद्दाम त्याहून किंचित ठेंगणे उभारले जायचे. जानेवारी २०११मध्ये कॅलिफोर्नियात ओकलीजवळ शेतीकाम करणारं विमान अशाच एका मनोऱ्याला धडकलं आणि वैमानिक गेला. खाली उडणं हेच ज्याचं रोजचं काम, त्याची ही गत.

काका, तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर दोन खांब आहेत. मधली तार मला दिसली नाही. तुम्ही झूम करून बघा.