बंडूचे पंधरा अंक आणि आईचे नव्वद दिवस

गेल्या डिसेंबरात मी तीन आठवड्यांसाठी नाशिकला गेले होते. पंचवटीत चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगती उठल्यावर कार्यालयातच खुर्च्या जवळ ओढून गप्पा सुरू झाल्या आणि फिरत फिरत भटक्या कुत्र्यांवर आल्या, कारण वर्षभर घराघरांत तोच विषय चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची, नसबंदी आणि लसीकरण करून, पुन्हा त्यांच्याच भागात सोडण्यास सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून ती हलवावीत आणि तिथे परत सोडू नयेत, असा आदेश आला. आमच्या नातलगांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले, तोच दादा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘तू तर या विषयावर बोलूच नकोस. कुत्रा विमानाने नेलास आणि आईला इथे ठेवलेस.’’

त्यावर कोणी हसले नाही. आई पलीकडे विड्याची तबके आवरत होती. तिच्या कानावर ते वाक्य गेले की नाही, हे मी तिला अजून विचारलेले नाही. मात्र बर्लिनला परतल्यापासून मी रोज त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तर देत असते, आणि आज ते उत्तर कागदावर उतरवायचे ठरवले आहे.

बंडू मुळात बाबांचा कुत्रा. २०१७च्या पावसाळ्यात सोमेश्वरहून परतताना गंगापूर रोडच्या कडेला, एका टपरीच्या आडोशाला भिजत बसलेले पिल्लू बाबांनी रुमालात गुंडाळून घरी आणले. आईने पहिले आठ दिवस नाक मुरडले आणि नवव्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापायला सुरुवात केली. २०१९ साली बाबा गेले. त्यानंतर बंडू संध्याकाळी सहा वाजता फाटकाशी जाऊन बसायचा, कारण ती बाबांची फिरायला निघण्याची वेळ होती. २०२१च्या दिवाळीत मला बर्लिनमधली नोकरी मिळाली, तेव्हा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन चारच महिने झाले होते. तीच म्हणाली, ‘‘याला घेऊन जा. पट्ट्याला हिसका बसला तर मी पडेन, आणि मग तुला पहिल्या विमानाने परत यावे लागेल.’’

दादाच्या मते त्याला कोणाला तरी देऊन टाकणे सोपे होते. ‘देऊन टाकणे’ म्हणजे काय, ते मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. एक कुटुंब परदेशी गेले आणि त्यांचा आठ वर्षांचा लॅब्राडोर ओळखीच्या कोणाच्या तरी शेतावर पाठवला, असे सांगण्यात आले. महिन्याभराने तोच कुत्रा त्यांच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर येऊन बसला. तिथे तो पंधरा दिवस होता, लोक बिस्किटे टाकत होते, आणि एके दिवशी तो दिसेनासा झाला. भटक्या कुत्र्यांवर इतका वाद होतो, पण कालपर्यंत दिवाणखान्यात लोळणारा कुत्रा सामानाचा ट्रक हलला की रस्त्यावर येतो, याविषयी साखरपुड्यातल्या त्या तासाभराच्या वादात एक शब्दही निघाला नाही. म्हणून कुत्रा विमानाने नेणाऱ्याला उधळ्या म्हणणे आणि फाटकाबाहेर सोडून जाणाऱ्याविषयी गप्प राहणे मला मान्य नाही.

आता विमानाविषयी. पैसे भरले की कुत्रा विमानात बसतो, असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात युरोपीय संघात भारतातून कुत्रा आणायचा, तर एक क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. आधी कातडीखाली पंधरा अंकी मायक्रोचिप, तिच्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना. तो संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासला जातो आणि त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावे लागते. एवढे भरले, तरी नमुना घेतलेल्या दिवसापासून तीन महिने लोटल्याशिवाय त्या कुत्र्याला युरोपात प्रवेश नाही. आम्ही पहिल्याच पायरीवर चुकलो. बंडूला नोव्हेंबरात नेहमीची लस दिलेली होती आणि चिप डिसेंबरात बसवली. चिपच्या आधीची लस धरली जात नाही, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली, हे सिद्ध करणारा क्रमांक तेव्हा अस्तित्वातच नसतो. हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि आमच्या डॉक्टरांनाही नव्हते. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा लस, मार्चच्या पहिल्या आठवड्यात रक्त, म्हणजे जूनपर्यंत सगळे थांबले.

‘‘तू पुढे जा, घर लाव, कुत्रा मागाहून मागव,’’ असे तेव्हाही अनेकांनी सुचवले. पण मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास पाच दिवसांच्या आत झाला, तरच तो घरचा प्राणी म्हणून येतो, नाहीतर त्याला व्यापारी मालाचे नियम लागतात. मी नव्या कार्यालयाला पत्र लिहून १ एप्रिलऐवजी १ जुलैला रुजू होण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. कारण म्हणून मी सरळ कुत्रा असेच लिहिले होते. नाशिकमधल्या कोणत्याही कार्यालयात मला ते लिहिण्याचे धाडस झाले नसते.

त्या वाढलेल्या तीन महिन्यांत प्रवासाचा पिंजरा आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवलेला होता. कुत्र्याला त्यात ताठ उभे राहता आले पाहिजे, गोल वळता आले पाहिजे, पाय पसरून झोपता आले पाहिजे, चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे आणि पाण्याचे भांडे बाहेरून भरता आले पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे नियम आहेत. प्रवाशांबरोबर वर बसायला बहुतेक विमानांत पिशवीसकट सात-आठ किलोंपर्यंतचेच प्राणी चालतात. बंडू एकोणीस किलोंचा, तेव्हा त्याला खालच्या कप्प्यातच जायचे होते. त्याला ‘सामानात टाकला’ असे नातलग म्हणतात, म्हणून सांगते, की प्राण्यांच्या त्या कप्प्यात हवेचा दाब वर प्रवाशांच्या भागात असतो तितकाच असतो आणि तापमान राखलेले असते. झोपेचे औषध मात्र द्यायचे नसते, कारण उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक कंपन्या याच श्वासाच्या भीतीने नाकारतात. औषध नाही, तर सवय हाच उपाय उरतो. आईने तिची एक जुनी सुती साडी चौघडी करून पिंजऱ्यात अंथरली आणि रोज दुपारी स्वतः त्याच्यासमोर पाट टाकून भाजी निवडत बसू लागली. पंधरा दिवसांत बंडू आपण होऊन आत झोपायला लागला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आधी मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयात त्याची तपासणी झाली आणि प्रमाणपत्र मिळाले. युरोपच्या आरोग्य प्रमाणपत्रावर सही झाल्यापासून दहा दिवसांत पोहोचावे लागते, म्हणून प्रवासाचा दिवस पुढे ढकलण्याची सोय नव्हती. कसाऱ्याच्या घाटात त्या संध्याकाळी समोरची गाडी दिसणार नाही असा पाऊस होता. आई फाटकापर्यंतच आली. तिने बंडूच्या कपाळाला हात लावला, मला दही दिले आणि माझ्याआधी त्याला म्हणाली, ‘‘नीट राहा.’’ मी विमानात नऊ तास डोळा मिटला नाही. फ्रँकफुर्टला सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत एका अधिकाऱ्याने त्याच्या मानेवरून यंत्र फिरवले, पंधरा अंक कागदाशी ताडून पाहिले आणि दोन मिनिटांत आम्हाला सोडले. सारा खर्च एक लाख चाळीस हजार रुपयांच्या आसपास झाला, आणि तो आकडा लपवावा असे मला वाटत नाही.

बर्लिनमध्ये आन्मेल्डुंगच्या, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीच्या, पाठोपाठ बंडूची करनोंदणी झाली. येथे पहिल्या कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो कर आहे आणि दुसऱ्यामागे १८०. शहराच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे, त्याने कोणाला इजा केली तर भरपाईचा विमा सक्तीचा आहे, आणि २००२पासून प्राण्यांचे संरक्षण देशाच्या राज्यघटनेतच आहे. रस्त्यावर बेवारस कुत्रा मी चार वर्षांत पाहिलेला नाही. दादाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की तिथले लोक श्रीमंत आहेत. मला ते कारण पटत नाही. येथे प्रत्येक कुत्र्यामागे एका माणसाचे नाव आणि पत्ता आहे, आणि कुत्रा सापडला की प्रश्न त्या माणसाला विचारला जातो. आपल्याकडे परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसाच्या कार्यालयात शंभर प्रश्न विचारतात, पण ‘तुमच्या कुत्र्याचे काय केले?’ हे कोणी विचारत नाही. मात्र न्याय्य बोलायचे, तर हेही सांगितले पाहिजे, की उन्हाळ्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या की येथील टीअरहाइममध्येही, म्हणजे प्राण्यांच्या निवारागृहातही, टाकून दिलेली कुत्री येतात, आणि ती टाकणारी माणसे कर भरणारीच असतात.

रविवारी आम्ही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, ग्रूनेवाल्डच्या जंगलात जातो. तिथल्या तळ्याकाठी शेकडो कुत्री मोकळी धावतात आणि त्यांत बंडू एकटाच कान ताठ, शेपटीची गोल वेटोळी, असा आपल्याकडच्या रस्त्यांवरचा दिसतो. लोक विचारतात, ही कोणती जात? मी ‘नाशिक’ असे सांगते, आणि ते गंभीरपणे तो शब्द पुन्हा उच्चारून बघतात. त्याला अजून फक्त मराठी कळते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याच्यासाठी ‘ये’, ‘बस’ आणि ‘नको’ हे तीन शब्द शिकून घेतले आहेत. नवरा दिवसभर इंग्रजीत काम करतो, मी जर्मनमध्ये अडखळत असते, आणि घरात शिरल्यावर पहिले मराठी वाक्य आम्ही दोघेही बंडूशी बोलतो.

‘कुत्रा नेलास आणि आईला ठेवलेस’ यातल्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर इथे पूर्ण होते. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी मी कायद्याकडे गेले. जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या माणसाला आईवडिलांना कायमचे आणणे २०२४पर्यंत जवळजवळ अशक्यच होते. अगदी अपवादात्मक हलाखी सिद्ध करावी लागे. १ मार्च २०२४पासून त्यात बदल झाला आणि कुशल कामगारांना आईवडील आणता येतील अशी तरतूद आली, पण ती ज्यांना येथे राहण्याचा परवाना त्या तारखेला किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्यांच्यासाठी आहे, आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्याची सोय त्यांनाही करावीच लागते. माझे ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीवर मिळालेला तो परवाना, २०२२चे आहे. म्हणजे आई येथे पाहुणी म्हणूनच येऊ शकते, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस. बंडूला रक्ताच्या एका चाचणीवर आयुष्यभर राहता येते आणि माझ्या आईला येत नाही, हे काही मी केलेले नाही. दादाला पाठवायचा एक लांबलचक संदेश मी या मुद्द्यांनिशी जुळवून ठेवला होता.

तो मी पाठवला नाही. जुळवताना मला दिसले, की २०२४ची ती तरतूद मी पहिल्यांदा वाचली ती २०२६च्या जानेवारीत, दादाला गप्प करण्यासाठी. दोन वर्षे ती तिथेच होती आणि मी ती शोधली नव्हती. बंडूसाठी मी सात महिने कागद जमवले, प्रयोगशाळांना पत्रे लिहिली, रुजू होण्याची तारीख बदलून घेतली, चिप आणि लस यांच्यातले दिवस बोटांवर मोजले. आईसाठी मी एक अर्जही उघडून पाहिला नव्हता. कायद्याने मला अडवले हे खरे आहे, पण मी त्याच्या दारापर्यंत गेलेच नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे मी आईला कधी विचारलेही नव्हते. ‘‘मी इथेच बरी’’ असे ती आपण होऊन म्हणत आली आणि ते ऐकून मला दर वेळी हलके वाटत आले. बंडूला घेऊन जा असे तिने सांगितले, तेव्हा तिने तिच्या घरातली शेवटची हालचाल माझ्या हवाली केली होती. मी ते तिच्या गुडघ्याच्या हिशेबात लिहिले आणि पुढे गेले.

या महिन्यात मी तिला फोनवर विचारले. पाहुण्यांच्या व्हिसाची सगळी माहिती दिली, मुंबईला कधी जावे लागेल ते सांगितले, विमानात व्हीलचेअर मिळते हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, ‘‘बंड्याला जायच्या आधी तीन महिने थांबवले होते ना? आणि मला तीन महिन्यांनी परत पाठवणार.’’ मी काही बोलले नाही. फोनच्या आवाजाने बंडू उठून आला होता आणि तिच्या बोलण्यावर मान तिरकी करून उभा होता. ‘‘पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे,’’ ती म्हणाली, ‘‘गावाकडची माणसे उतरायला येतील, घर बंद कसे ठेवू? ते झाले की बघू.’’ सिंहस्थाची मोठी स्नाने २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. बंडू तेव्हा दहा वर्षांचा होईल. अर्जाचे कागद मी भरून ठेवले आहेत, तारखेची जागा तेवढी रिकामी आहे.