दोन तारे, गार रेड आणि आमची पाटी

नमस्कार,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्रीच वाचला. बारवरच्या मुलांशी आधी बोलून घ्यावं म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुम्ही मराठीत लिहिलंत, मीही मराठीतच लिहिते. आणि 'मालक स्वतःला फार विनोदी समजतो' या वाक्यात एक दुरुस्ती: समजते. पाटी मी लिहिते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी. रेड वाईन बर्फासारखी गार होती. दुसरा ग्लास आंबट निघाला. गराडू या तळलेल्या कंदाबरोबर रेड मागितली तर वेटरने बुडबुड्यांची वाईन गळ्यात मारली. ऑस्ट्रेलियन वाईनवरची ड्यूटी कधीच कमी झाली, तरी आमचा भाव तोच. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आतल्या भिंतीवरची 'बातमी आणि बाटली' ही पाटी, 'जिथे जगातल्या घडामोडींची टवाळी करून दारू खपवतात'. तारे दोन, त्यातला एक खोपरा पॅटिसला.

गार रेडबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. रेड 'रूम टेंपरेचरला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोल्यांमधला आहे. इंदूरच्या मे महिन्यात खोलीच बेचाळीसला टेकते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही रेडची बाटली उघडण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो. तसा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. नोव्हेंबर उजाडला तरी तो कुणी काढला नाही, आणि तुमची बाटली तर दुपारपासून बिअरच्या फ्रिजमध्ये होती, चार अंशांवर. एवढ्या थंडीत वाईनचा वास मिटतो आणि उरतो तो नुसता तुरटपणा. 'जांभळाची बी चावल्यासारखं' असं तुम्ही लिहिलंय. टॅनिनचं, म्हणजे रेडमधल्या तुरट घटकाचं, याहून चांगलं वर्णन मी तरी ऐकलेलं नाही, नव्या मुलांना शिकवताना वापरणार आहे. कागद काढून टाकलाय.

आंबट ग्लास तर सरळ आमची चूक. ती बाटली बुधवारी उघडलेली होती आणि तुम्हाला शनिवारी ओतली. अर्धी रिकामी बाटली तीन रात्री राहिली की आतली हवा आपलं काम करतेच, वरून बूच कितीही घट्ट लावा. आता बाटली उघडली की मानेवर मार्करने तारीख पडते आणि दोन रात्रींनंतर ती ग्राहकाच्या ग्लासात जात नाही. तुमच्या दोन्ही ग्लासांचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत, बिल दाखवलंत की मिळतील.

गराडूवर मात्र मी वेटरच्या बाजूने आहे. त्याने विचारायला हवं होतं, 'हे घ्याच' म्हणायला नको होतं, तेवढं त्याला सांगितलंय. पण सुचवलं ते चुकीचं नव्हतं. गराडू म्हणजे कढईतून आत्ता काढलेला कंद, त्यावर जिरावण मसाला, वर लिंबू. तेलकट, खारट, तिखट, सगळं एकदम. टॅनिनवाली जड रेड त्यावर घेतली की तिखट आणखी भडकतं आणि वाईन कडवट लागते. स्पार्कलिंगमधला आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात, म्हणजे जे काम लिंबू करतं तेच. बुडबुडे नकोच असतील तर नाशिकची किंचित गोडसर पांढरी वाईन, शेनिन ब्लां, मागा. आणि एवढं ऐकूनही रेडच हवी असेल तर ती मिळेल, पैसे तुमचे आहेत.

आता भाव. बातमी खरी आहे, पण ती पूर्ण वाचायला हवी. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला. पाच डॉलर किंवा त्याहून महाग बाटलीवरची ड्यूटी 150 वरून 100 टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ती 50 पर्यंत उतरायची आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला सुरुवातच 75 ने झाली, ती 25 पर्यंत जाईल. पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला काहीच सवलत नाही. म्हणजे पाच डॉलरच्या बाटलीवर पहिल्या झटक्यात वाचले अडीच डॉलर, दोनशे रुपयांच्या आसपास. ही झाली बंदरावरची गोष्ट. दारू जीएसटीत येत नाही, त्यामुळे पुढे राज्याची एक्साइज आणि व्हॅट वेगळे, मग आयात करणारा, मग वितरक, मग आम्ही. आमचा वाटाही त्यात आहे, नाही कशाला म्हणू. पण तुम्ही ज्या बाटलीचा भाव लिहिलाय ती पाच डॉलरच्या खालच्यातली आहे. (ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. दारूची जाहिरात चालत नाही, पाटी आतल्या भिंतीवर आहे तीही त्याचसाठी.)

राहिली पाटी. ती सुरू झाली कारण लोक वाईनचं मेन्यू कार्ड उघडायचे, उजवीकडचे आकडे बघायचे आणि बिअर मागवायचे. आकड्यांपेक्षा नावांची भीती जास्त. 'काबर्ने सोविन्यों' चारचौघांत म्हणायचं आणि चुकायचं, त्यापेक्षा बिअर बरी! डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मी पाटीवर लिहिलं: 'नाशिकचा कांदा देशाबाहेर जाणार नाही. नाशिकची शेनिन ब्लां मात्र इंदूरपर्यंत पोचली आहे.' त्या आठवड्यात रिटायर झालेले एक बँकवाले काका आले, पाटी वाचली आणि म्हणाले, 'ती कांद्यावाली द्या.' आयुष्यातला पहिला वाईनचा ग्लास. अजूनही ते कांद्यावालीच मागतात, नाव त्यांनी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही.

मार्च 2025 मध्ये ट्रम्पसाहेबांनी युरोपच्या वाईनवर 200 टक्के शुल्क लावायची धमकी दिली. त्या दिवशीची पाटी: 'आम्ही 150 वर वाढलेली माणसं, आम्हाला काय घाबरवता? आज नाशिकची शिराझ.' याला टवाळी म्हणायचं तर म्हणा. अपघात, मृत्यू, आजारपण आणि कुणाच्या घरातलं भांडण पाटीवर येत नाही. पक्षही येत नाहीत. लायसन्सचं नूतनीकरण दरवर्षी असतं, एवढं सांगितलं तरी पुरे. 2 ऑक्टोबरला बातमी असते, बाटली नसते, खाली शिकंजी असते. इंदूरची, दूध-सुक्यामेव्याची. बाहेरगावचे लोक लिंबूपाणी समजून मागवतात आणि चमच्याने खातात.

तुम्हाला खटकलेली पाटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चोरीची होती. मी लिहिलं होतं: 'पॅरिसमध्ये काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने गेले. त्यांनी आमच्या सराफ्यासारखे रात्री गराडूवाले बसवायला हवे होते. आज: स्पार्कलिंग.' सराफ्यात पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाऊची दुकानं लागतात आणि त्या गर्दीने दागिन्यांची राखण होते असं जुने लोक सांगतात, त्यावरून ते सुचलं. तुम्ही अभिप्रायात लिहिलंत: 'चोरी सकाळी साडेनऊला, संग्रहालय उघडं असताना झाली. रात्रीचे गराडूवाले तिथे काय करणार होते?'

खरं आहे, भिया. 19 ऑक्टोबर 2025, रविवारची सकाळ. ट्रकवरच्या शिडीने बाल्कनीत चढले, आठ दागिने घेऊन गेले, नववा दागिना, एक मुकुट, पळताना पडला. सगळं वाचलं होतं आणि तरी विनोदाच्या नादात घड्याळ बघितलं नाही. साडेनऊला इंदुरात असतात ते पोहे-जलेबीवाले.

पाटी पुसून आज सकाळी नवी लिहिली आहे: 'दुरुस्ती: लूव्रची चोरी सकाळची होती, गराडूवाल्यांना दोष नाही. चूक दाखवणाऱ्या ग्राहकाने आम्हाला दोन तारे दिले आहेत. आज: रेड, सोळा अंशांवर, कालच उघडलेली.'