कारागीर म्हणावं, पण कुणाला?

गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या निमंत्रणाचा मराठी मजकूर माझ्याकडे आला. मी भाबडेपणानं लिहिलं, ‘नाशिक जिल्ह्यातले कारागीर तुमच्या भेटीला’. दहा मिनिटांत फोन. ‘सर, बाकी एकदम मस्त. फक्त ते कारागीर थोडं डाउनमार्केट वाटतं. आर्टिझन करू या?’ म्हटलं, करू या. पैसे यायचे होते.

तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून या शब्दाच्या वापराबद्दल चार गोष्टी सांगून ठेवतो.

आधी माणूस जिवंत आहे का ते बघा. पंचवटीत काळारामाच्या देवळात पाहुण्यांना नेलंत की बिनधास्त ‘कारागीर’ म्हणा. दोन हजार कारागीर बारा वर्षं राबले असं तिथे सांगतात. ते ऐकताना मान डोलवा, काळ्या दगडावरून हात फिरवा. देऊळ बांधवून घेणारे सरदार रंगराव ओढेकर, हे नाव लक्षात ठेवा. त्या दोन हजारांतल्या एकाचं तरी नाव काय, असं मात्र विचारू नका, उगाच सगळ्यांचा खोळंबा होतो. आणि तसलाच दगड घडवणारा पाथरवट आज तुमच्या बंगल्याच्या पायऱ्या बसवत असेल, तर तो कारागीर नव्हे, ते लेबर. ‘लेबर आलं का?’ ‘हल्ली लेबर मिळत नाही हो.’ नपुंसकलिंग चुकवू नका.

‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्र’वरून आला. अर्थ उस्ताद. इंग्रजीतला मास्टरही त्याच घराण्यातला. हे ध्यानात ठेवून मिस्त्रींना जिन्यानं वर पाठवावं, लिफ्ट रहिवाशांसाठी आहे.

नळ गळायला लागला की ‘ही कुणाची कारागिरी?’ असं विचारायला हरकत नाही.

येवल्यात मागावर बसून महिनोन् महिने एकेक मोर विणणाऱ्या बाईला ‘कसबी’ म्हणायच्या आधी दोनदा विचार करा. पुरुषाच्या हातात असतं ते कसब, आणि तोच शब्द बाईला लावताना आपण त्याचं काय करून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

व्युत्पत्तीत फार शिरू नका. फारसीत कार म्हणजे काम आणि गर म्हणजे करणारा. त्यातून आपला कारागीर. म्हणजे शब्दाचा अर्थ निव्वळ ‘काम करणारा’ एवढाच निघतो. आता दिवसभर मीटिंगा घेणाऱ्याला तो डाउनमार्केट वाटणारच, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

धंद्याचं नाव तर घेऊच नका. मी निमंत्रणात ‘तांबट, विणकर, कुंभार’ असंही लिहिलं होतं. ते खोडलं, का तर जातीचा वास येतो. यात तथ्य नाही असं नाही. ही नावं जातींना चिकटलेली आहेत, आणि त्यांच्या जोरावर माणसाला गावकुसात कुठे बसवायचं ते ठरत होतं. पण मग जात काढा ना, काम का काढता? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी... सरकारला ही नावं घेता आली, आपली जीभ तेवढी अडखळते. ‘आर्टिझन’ म्हटलं की माणूस तांबं ठोकतो, कापड विणतो की पाव भाजतो, काहीच कळत नाही. (पाव भाजतो हे उगाच नाही म्हटलं. कॉलेज रोडला ‘आर्टिझनल’ पाव मिळतो. चांगला असतो, खोटं कशाला बोलू.)

तर प्रदर्शनाला मी गेलो. दारातच, चपला ठेवतात त्याच्या शेजारी, एका सतरंजीवर जुन्या नाशकातले एक तांबट बसवले होते. वय साठीच्या पुढचं. वर पाटी, ‘लाइव्ह डेमो’. समोर तांब्या, हातात हातोडी. ठोका, किंचित फिरवा, ठोका. दोन ठोक्यांमधलं अंतर डोळ्यानं मोजतच नव्हते, बोटंच मोजत होती. मठारणं म्हणतात त्याला. ते दिसायला छान म्हणून करत नाहीत, ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. तसाच तांब्या आत टेबलावर चौतीसशेला ठेवलेला, गळ्यात चिठ्ठी, ‘आर्टिझन्सच्या हातांची जादू’.

मग पाहुणे आले, भाषण सुरू झालं. विषय, कारागिरांचा सन्मान. आणि पाचव्या मिनिटाला एक पोरगा लगबगीनं दाराशी आला आणि तांबटांना म्हणाला, ‘काका, जरा ठोकणं थांबवा ना. आवाज येतोय.’

थांबले ते. हातोडी मांडीवर ठेवून अर्धा तास स्वतःच्या सन्मानाचं भाषण ऐकत बसले. शाल मिळाली ती पाहुण्यांना. नंतर टेबलावर हिशोबाचा कागद पडलेला दिसला. त्यात हॉल, केटरिंग, फुलं आणि सगळ्यात खाली, ‘लेबर, एक’.

नाही, आता सूचना वगैरे पुरे. तुम्ही लोक करता काय? तोच तांब्या चौतीसशेला, वर जीएसटी भरून घेता, त्याचा फोटो टाकता. आणि घरातलं आजीचं घंगाळ गळायला लागलं की तांबट आळीत जाऊन, डाख द्यायचे आणि पोचे काढायचे साडेतीनशे सांगितले तर ‘एवढे? नवीन नाही का येणार यात?’ म्हणून तोंड वर करता. नाही येणार! साडेतीनशेत स्टीलची बादली येईल, ती घ्या आणि त्यात आंघोळ करा. कल्हईवाला शेवटचा कधी दिसला होता ते आठवतंय का? तो दिसायचा तेव्हाही तुम्ही गॅलरीतून दहा रुपयांसाठी घासाघीस करत होता. आता त्यालाच ‘लोप पावणारी कला’ म्हणून गळे काढताय. सिंहस्थाला अजून शंभर प्रदर्शनं भरतील, तिथेही दारातच बसवाल.

आणि मी कोण मोठा लागून गेलो? पाऊण तास त्यांच्याजवळ उकिडवा बसलो होतो. हातोडी किती जुनी, पत्रा कुठून येतो, मुलगा हे काम करतो का, सगळं विचारलं. मुलगा अंबडला कंपनीत आहे. नाव विचारायचं राहिलं. ‘काका, काका’ करत होतो.