'३ आलं की विषय संपला' म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या प्रोग्रामर मंडळींत एक सल्ला फिरतोय: "दोन शब्दांतलं अंतर मोजणारा कोड लिहिला की 'किटन' आणि 'सिटिंग' घालून बघा. ३ आलं, कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते) १०० टक्के दिसलं, विषय संपला. शेजारच्या अक्षरांची अदलाबदल १ धरा, टायपो बेस पकडतो. मराठीला वेगळ्या टेस्ट नकोत, युनिकोड आहे." पत्त्यांतली गावं जुळवणारेही हे मनावर घेतायत, म्हणून लिहितो.

एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तो आकडा म्हणजे लेव्हेन्श्टाइन अंतर. किटन-सिटिंगचं ते ३, हे खरंच. पण इंग्रजी स्पेलिंग (kitten, sitting) एकाखाली एक मांडा: पहिलं अक्षर वेगळं, पाचवं वेगळं, शेवटी 'जी' जादा. म्हणजे नुसती जागेला जागा लावून फरक मोजणारा चुकीचा कोडही ३च सांगतो! त्याला 'पन्हाळा' आणि 'न्हाळा' द्या. एक 'प' गळलाय, अंतर १. हा पठ्ठ्या ७ सांगेल (काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात), कारण पुढचं सगळं एक घर सरकलं.

कव्हरेजचं म्हणाल तर त्या चुकीच्या कोडचंही १०० टक्के भरतं.

युनिकोडवर भिस्त ठेवणाऱ्यांनी शेजारचं 'कऱ्हाड' टाइप करून बघावं. त्यातला 'ऱ' तीन तऱ्हांनी येतो: अख्खा 'ऱ'; 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब); किंवा 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडणारा कोड. तिन्ही दिसायला सारखेच. पहिले दोन एनएफसी (युनिकोड मजकूर एकाच रूपात आणायची पद्धत) केल्यावर एक होतात, तिसरा होत नाही. त्याचं पहिल्याशी अंतर २ येतं. आता 'शिरोळ' आणि 'शिरोली' घ्या: तिथंही २. एकीकडे गाव एकच, दुसरीकडे दोन वेगळी गावं, आणि आकडा तोच. २ पर्यंत 'तेच गाव' मानलं तर शिरोळची पार्सलं शिरोलीला. १ वर थांबलात तर कऱ्हाड कऱ्हाडला ओळखत नाही. झेडडब्ल्यूजे आधी कसा हाताळायचा हे टेस्टमध्येच लिहायला लागतंय. 'ॲ'चंही तसंच: एकसंध 'ॲ' आणि 'अ'वर दिलेला चंद्र एनएफसी जुळवत नाही.

राहिली अदलाबदल. तिचा सोपा प्रकार, जो बहुतेकजण लिहितात, 'गक' ते 'कग' १ देतो, 'कग' ते 'कखग' १, पण 'गक' ते 'कखग' थेट ३! वळसा घेतला तर २, सरळ गेलं तर ३. अदलाबदलीचा पूर्ण प्रकार, म्हणजे डॅमेरो-लेव्हेन्श्टाइन, इथं २ देतो. टायपो सुचवण्यापुरतं हे चालून जातं. पण बीके-ट्री (जवळचे शब्द पटकन शोधायची झाडासारखी रचना) त्रिकोणाच्या नियमावर, म्हणजे सरळ अंतर वळशापेक्षा जास्त नसतं यावर, विसंबून फांद्या छाटते, तिथं हा कोड लावला तर जवळचं नाव कुठलीही एरर न देता यादीतून गळतं. वाटेल ते तीन शब्द घेऊन हा नियम तपासणारी टेस्ट दहा ओळींत होते.