माझे वडील एकच आहेत

परवा परभणीत, भर बँकेत, दहा-बारा माणसांच्या देखत मला सांगण्यात आलं की मला दोन वडील आहेत.

सांगणारा पोरगा जेमतेम पंचविशीचा. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "सर, सिस्टिमला दोन वडील दिसायलेत." आधारवर मारोती, पॅनवर मारुती. मी म्हणालो, "अहो, आपल्याकडं मारोतीच म्हणतात. आमच्या गावच्या देवळावरसुद्धा मारोतीच लिहिलंय."

"देवाला लोन नको असतं सर."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू अजून कानातून गेलेलं नाही. मी सोळा वर्षं शाळेत मराठी शिकवतो. पोरांचे उकार-ओकार चुकले की अर्धा-अर्धा मार्क कापत आलोय. त्यातल्याच एखाद्या पोराची हाय लागली असणार. कोण जाणे, कदाचित तोच खुर्चीत बसला असेल.

प्रकरण साधंच आहे. वसमत रोडला ६२० फूट कार्पेटचा फ्लॅट, तिसरा मजला, किंमत २८ लाख. त्यातले २५ लाख बँकेचे, तीन आमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे बँक धरत नाही, तेही आमचेच. हे मला टोकन दिल्यानंतर कळलं. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे २८ हजार वाचतात. बायको लगेच म्हणाली, "मग घर माझ्या नावावर, हप्ते तुमच्या नावावर." वाटणीला तिथल्या तिथं मंजुरी मिळाली. नंतर बँकेच्या वकिलानं जमिनीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला. तीस वर्षांत ती जमीन किती हातांतून गेली, पण तिच्या बापाबद्दल कुणाला शंका आली नाही. अडकलो तो मी.

उपाय काय, तर प्रतिज्ञापत्र. मारोती आणि मारुती हे दोन्ही एकच इसम असून तेच माझे जन्मदाते आहेत, असं बाँडवर लिहून आणा. शंभराचा बाँड ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय. वडील एकच असण्याचा भाव एकदम पाचपट! नोटरीचे वेगळे.

पोरगा म्हणाला, मॅनेजर साहेब जेवायला गेलेत, आले की एकदा विचारून घ्या. म्हणून भिंतीकडच्या बाकड्यावर बसलो. शेजारी धोतर-टोपीतले एक काका, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पासबुक. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी केवायसी करायला तिसऱ्यांदा आलेले. त्यांचा अंगठा मशीन घेत नव्हतं. "झिजला म्हणतेत," अंगठा माझ्यासमोर नाचवत ते म्हणाले. "साठ वर्सं मातीत घातला, झिजंल नाहीतर काय?" मग त्यांनी माझ्या फायलीकडं पाहिलं.

"काय घेऊ लाले गुर्जी?"

मी गुरुजी आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं ते विचारलं नाही. तोंडावर दिसतं बहुतेक.

"फ्लॅट."

"हप्ता किती?"

"एकवीस हजार सहाशे शहाण्णव."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ओठ हलत होते. "माझं सोयाबीन ४,२०० नं गेलं. हमीभाव ५,३२८ हाय, पर तो पेपरात. म्हंजी तुमचा हप्ता झाला पाच क्विंटल साडेसोळा किलो. म्हैन्याला." मग घसा खाकरून, "किती वर्सं?"

"वीस."

पुन्हा डोळे मिटले. या वेळी बोटांची पेरंही मोजली. समोर सुरक्षा रक्षक वर्दीची बटणं सैल करून उभा होता, तोही कान देऊन ऐकायला लागला. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला, तर काकांनी हातानंच थांबवलं. हिशेबात कुणी मधे आलेलं त्यांना चालणार नव्हतं.

"बाराशे चाळीस क्विंटल," ते म्हणाले. "एकरी आठ धरा. कृषी विद्यापीठाचं ६१२ नंबरचं बियाणं पेरलं, पाऊस येळेवर आला, आन् किडीनं दया केली तर. एकशे पंचावन्न एकर." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की तेवढं रान मी खरंच पेरून ठेवलंय. "घर किती हाय?"

"सहाशे वीस फूट."

"अर्धा गुंठा. थोडा वर." जरा थांबून, "खाली का वर?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"म्हंजी हवेत." काका सुरक्षा रक्षकाकडं वळले. "बघा, हवेतल्या अर्ध्या गुंठ्याला दीडशे एकर सोयाबीन." रक्षकानं मान हलवली. त्याचंही कुठंतरी प्लॉटचं चालू असावं, कारण त्यानंतर तो बराच वेळ दाराबाहेर बघत राहिला.

मला चिडायचं होतं. पण घरी येऊन आकडेमोड केली तर काकांचा हिशेब चोख निघाला. साडेआठ टक्क्यांनी २५ लाख घ्यायचे आणि वीस वर्षांत ५२ लाख ७ हजार भरायचे. तेही व्याजदर जागचा हलला नाही तर. हे बँकेत कुणी तोंडानं बोललं नव्हतं. तिथं फक्त ईएमआय सांगतात. नशीब, मला तो आकडा सोयाबीनमध्ये कळला.

मॅनेजर चार वाजता आले आणि अर्ध्या मिनिटात "प्रतिज्ञापत्र आणा" म्हणून आत गेले. तेवढ्यासाठी दोन तास. काकांचा अंगठा तोवर चौथ्यांदा नापास झाला होता. आता त्यांना आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं द्यायला सांगितलं. काका म्हणाले, "नवीन ठसे द्यायला नवीन बोटं आणू का?" पोरगा हसला नाही. मला मात्र जाम हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी गावाकडं दादांना फोन केला. म्हटलं, "दादा, तुमचं नाव मारोती का मारुती?"

पलीकडं शांतता. मग, "कामून? कोण मेलं?"

सगळं समजावून सांगितलं. दादा म्हणाले, "दोन बाप हायेत म्हणतेत ना, मग दुसऱ्याला म्हणावं हप्ते तू भर."

काल प्रतिज्ञापत्र दिलं. शिक्का बसला, फाइल पुढं सरकली. आज सकाळी बँकेचा मेसेज आला: "प्रिय मारोती, आपला गृहकर्जाचा अर्ज प्रक्रियेत आहे."